चौदा हजार ठिपके : गेम बॉय कॅमेऱ्याने चित्र काढण्याची रीत

निन्टेन्डो कंपनीने फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानात ‘पॉकेट कॅमेरा’ या नावाने आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेत ‘गेम बॉय कॅमेरा’ या नावाने एक खेळणे विक्रीस आणले. गेम बॉय या हातातल्या व्हिडिओ गेमच्या खाचेत बसणारे ते एक कार्ट्रिज होते आणि त्याच्या डोक्यावर पुढे-मागे फिरणाऱ्या गोळ्यात एक इवलेसे भिंग बसवलेले होते. १९९९ च्या गिनेस पुस्तकात जगातील सर्वांत लहान डिजिटल कॅमेरा म्हणून त्याची नोंद झाली. आपल्याकडे त्या काळात बहुतेक मुलांच्या हातात ठोकळे रचण्याचा ‘ब्रिक गेम’ होता. गेम बॉय दिसायचा तो परदेशातून आलेल्या एखाद्या मामा-काकांच्या सामानात, आणि हा कॅमेरा तर त्याहून दुर्मीळ. आज मात्र जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात तो मिळतो आणि मोबाइलच्या गुळगुळीत छायाचित्रांचा कंटाळा आलेली मंडळी तो शोधून विकत घेतात.

विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण आठवड्याभरात निराश होतात, कारण ते मोबाइलने जे टिपतात तेच या कॅमेऱ्यानेही टिपू पाहतात. घरातला समारंभ, गच्चीवरून दिसणारे शहर, दहा माणसांचा गट अशा विषयांतून हाती येते ती करड्या ठिपक्यांची खिचडी. हा कॅमेरा वाईट आहे म्हणून तसे होत नाही. त्याला कोणते प्रश्न विचारायचे हे ठरलेले नसते, म्हणून होते. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीभोवती आहे : कळ दाबण्यापूर्वी चित्रातून काय काढून टाकायचे हे ठरवणे.

यंत्र काय पाहते

या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १२८ आणि उभे ११२ ठिपक्यांचे असते. गुणाकार केला तर १४,३३६ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला फक्त चार छटा उपलब्ध असतात : पांढरी, फिकट करडी, गडद करडी आणि काळी. चार छटांसाठी दोन बिट पुरतात, म्हणून एक चित्र साडेतीन किलोबाइटमध्ये मावते आणि कार्ट्रिजच्या १२८ किलोबाइट स्मृतीत तीस चित्रे बसतात. आतला संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मित्सुबिशीचा आहे आणि त्याचे एक वैशिष्ट्य छायाचित्रकाराने पक्के लक्षात ठेवावे : वस्तूंच्या कडा ठळक करण्याचे काम तो स्वतःच, चित्र घेतानाच करतो. त्यामुळे नाकाची कड, चष्म्याची चौकट, केसांची रेघ या गोष्टी या कॅमेऱ्यात पेनाने ओढल्यासारख्या उमटतात, तर गालाचा उतार जवळजवळ नाहीसा होतो.

चार छटांत अधिक छटांचा भास निर्माण करण्यासाठी यंत्र ठिपक्यांची एक ठरावीक जाळी वापरते, जिला डिदरिंग म्हणतात. मधला करडा रंग दाखवायचा असेल तर ते फिकट व गडद ठिपके आलटून पालटून मांडते आणि दुरून पाहणारा डोळा त्यांची सरासरी काढतो. वर्तमानपत्रातील जुनी छायाचित्रे जवळून पाहिली असतील त्यांना हे नवीन नाही. (या प्रकारची जाळी मांडण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी १९७३ मध्ये मांडली, आजच्या जवळपास प्रत्येक मोबाइल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची जी रचना असते, तीही त्यांचीच.) येथे व्यवहाराचा मुद्दा असा की मोठा, एकसारखा करडा भाग या कॅमेऱ्यात करडा दिसत नाही, तो बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो आणि त्यावर ठेवलेली कोणतीही नाजूक गोष्ट त्या पटात हरवते.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

पैसे घालण्यापूर्वी एक प्रयोग घरीच करून पाहावा. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र संगणकावर घेऊन ८:७ या प्रमाणात कापावे, १२८ गुणिले ११२ इतके लहान करावे, कृष्णधवल करावे आणि जिम्पसारख्या मोफत प्रणालीत चार छटांवर आणताना डिदरिंग चालू ठेवावे. दहा-पंधरा छायाचित्रांवर हे केले की आपली कोणती चित्रे तगतात आणि कोणती विरघळतात हे आपोआप कळू लागते. ज्यांना या टप्प्यावरच कंटाळा येतो, त्यांनी कॅमेरा घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

जुने कार्ट्रिज घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. भिंगाचा गोळा फिरवताना चित्र मध्येच तुटत किंवा पट्टे पडत नाहीत ना, हे पाहावे, कारण आतली तार वर्षानुवर्षांच्या फिरवण्याने सैल झालेली असू शकते. भिंगावर ओरखडे नसावेत. धूळ असेल तर ती चष्म्याच्या कापडाने निघते. तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची : एक चित्र साठवावे, गेम बॉय बंद करावा, कार्ट्रिज काढून पाच-दहा मिनिटे बाजूला ठेवावे आणि पुन्हा लावून ते चित्र जागेवर आहे का ते पाहावे. चित्रे टिकवून ठेवण्याचे काम कार्ट्रिजमधील नाण्यासारखी बॅटरी करते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची बॅटरी कधीही मान टाकू शकते. ती डाग देऊन जोडलेली असते, त्यामुळे ती बदलण्यासाठी डाग देण्याची सवय असलेला इलेक्ट्रॉनिक्स कारागीर लागतो, आणि ती निघताक्षणी स्मृतीतले सगळे पुसले जाते. मी पहिल्यांदा बॅटरी बदलली तेव्हा आधी चित्रे उतरवून घेण्याचा कंटाळा केला. एका पावसाळ्याची तीसच्या तीस चित्रे गेली. दोष दुसऱ्या कोणाचाच नव्हता, म्हणून ते अजून लागते.

हे कार्ट्रिज मूळ गेम बॉय, गेम बॉय पॉकेट, गेम बॉय कलर, गेम बॉय ॲडव्हान्स आणि ॲडव्हान्स एसपी या सर्वांवर चालते. निन्टेन्डो डीएसवर चालत नाही. मूळ यंत्राच्या हिरवट पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो, त्यामुळे संध्याकाळनंतर आपण काय टिपतो आहोत तेच दिसत नाही. एसपीचा पडदा उजळतो, पण त्याची खाच खालच्या बाजूला असल्याने कॅमेऱ्याचा डोळा पोटाशी येतो आणि यंत्र धरणे अवघड होते. बाहेर उन्हात काम करणार असाल तर पॉकेट किंवा कलर पुरेसे आहे, आणि शिकण्यासाठी बाहेरचा उजेडच बरा.

आकाराचा हिशेब

पहिला धडा अंतराचा आहे आणि तो अंकगणिताने समजतो. उभा माणूस साधारणपणे त्याच्या डोक्याच्या साडेसातपट उंच असतो. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस चौकटीत बसवला तर ११२ ठिपक्यांपैकी डोक्याच्या वाट्याला सुमारे पंधरा येतात. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी असते असे चित्रकलेच्या वर्गात शिकवतात. या हिशेबाने त्या पूर्ण माणसाच्या एका डोळ्याला दोन ठिपके मिळतात. दोन ठिपक्यांत नजर दाखवता येत नाही. उलट चेहराच चौकटीच्या अर्ध्या रुंदीएवढा, म्हणजे ६४ ठिपक्यांचा घेतला, तर डोळ्याला बारा-तेरा ठिपके मिळतात आणि त्यात पापणी, बुबुळ आणि बुबुळातली चमक, तिन्ही मावतात. म्हणून व्यक्तिचित्र काढायचे तर खांद्याच्या वरचेच काढावे, आणि जवळ जावे. भिंगाचा फोकस ठरलेला असल्याने हातभर अंतरावरचा चेहरा पुरेसा स्पष्ट येतो.

पूर्ण माणूस दाखवायचाच असेल तर चेहऱ्याची आशा सोडून आकृतीवर भिस्त ठेवावी. वारली चित्रकार गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणूस काढतो तेव्हा त्याला एक वर्तुळ, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि चार रेघा पुरतात, तरीही नाचणारा, मळणी करणारा आणि ओझे वाहणारा माणूस वेगवेगळा ओळखता येतो, कारण सगळी माहिती कमरेच्या बाकात आणि हातांच्या कोनात असते. या कॅमेऱ्यापुढे माणसाला उभे करताना तोच नियम लावावा. हात अंगाला चिकटलेले नसावेत, पायांत अंतर असावे, आणि शरीर समोरून दिसण्याऐवजी बाजूने दिसावे. डोक्यावर तुळस घेतलेली वारकरी स्त्री, सायकल हाती धरून चालणारा माणूस, उघडलेली छत्री, घागर, नारळाचे झाड, देवळाचे शिखर हे विषय चाळीस ठिपक्यांतही ओळखू येतात, कारण त्यांची बाह्यरेषा दुसऱ्या कशासारखी नाही. गुलाबाचे फूल मात्र ओळखू येत नाही. ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसते.

किती कमी ठिपक्यांत ओळख टिकते, याचे जुने उदाहरण बेल लॅब्जमधील लिओन हार्मन यांचे आहे. त्यांनी १९७३ मध्ये अब्राहम लिंकन यांचा चेहरा अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत उतरवून दाखवला. जवळून पाहिल्यास ते नुसते चौकोन असतात, पण डोळे बारीक केले किंवा दूर गेले की लिंकन समोर येतात. त्यांच्याकडे करड्या छटा कितीतरी अधिक होत्या, आपल्याकडे ठिपके कितीतरी अधिक आहेत. डोळे किलकिले करून पाहण्याची ती युक्ती मात्र आपल्यालाही उपयोगी आहे : कळ दाबण्यापूर्वी समोरचे दृश्य डोळे बारीक करून पाहावे, आणि जे तेव्हाही दिसते तेवढेच चित्रात येईल असे धरावे.

प्रकाश

या कॅमेऱ्यात प्रकाश हा विषयापेक्षाही महत्त्वाचा आहे आणि बहुतेक चुका येथेच होतात. सर्व बाजूंनी सारखा येणारा उजेड, म्हणजे ढगाळ दुपार किंवा ट्यूबलाइटची खोली, मोबाइलला आवडते. येथे तो सर्व पृष्ठभागांना एकाच करड्या जाळीत ढकलतो. हवा असतो तो एका बाजूने येणारा प्रकाश. खिडकीपासून हातभर अंतरावर माणसाला बसवावे, खिडकी त्याच्या उजव्या किंवा डाव्या हाताला यावी, आणि दुसऱ्या बाजूला काहीही उजळ नसावे. असे केल्यावर चेहऱ्याचा एक भाग पांढरा, एक भाग काळा आणि मधल्या अरुंद पट्ट्यात दोन्ही करड्या छटा येतात. चेहऱ्याचा सगळा उठाव त्या पट्ट्यात असतो. माणसाला हळूहळू मान वळवायला सांगून तो पट्टा नाकाच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरेल अशा ठिकाणी थांबवावे.

पार्श्वभूमी चेहऱ्याच्या उलट ठेवावी. उजळ गालामागे काळोख आणि काळ्या बाजूमागे उजेड आला तर बाह्यरेषा दोन्हीकडून सुटी होते. हे दर वेळी जमत नाही, पण एका बाजूला तरी जमवावे. कपडे साधे, एकरंगी असावेत. बारीक चौकड्यांचा शर्ट आणि यंत्राची ठिपक्यांची जाळी यांची टक्कर होऊन चित्रात भलत्याच लाटा उठतात. रुंद काठाची साडी मात्र फार सुंदर येते, कारण काठ म्हणजे एक स्पष्ट रेघच असते.

दुपारचे टळटळीत ऊन चेहऱ्यांसाठी वाईट, कारण डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात. पण इमारतींसाठी तीच उत्तम वेळ आहे. जिने, कमानी, कौलांच्या पाखा, गज यांच्या सावल्या तेव्हा शाईने ओढल्यासारख्या काळ्या असतात, आणि काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये फारसे काही नसतेच.

रात्री संवेदक प्रत्येक चौकटीसाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करतो, त्यामुळे पडद्यावरचे दृश्य अडखळत हलते आणि हात जरा हलला तरी सगळे पसरते. दुकानाची पाटी, पणत्यांची ओळ, आकाशकंदील असे स्वतः उजळणारे विषय रात्री घ्यावेत आणि यंत्र कठड्यावर टेकवून ठेवावे. रात्रीच्या अंधारातले चेहरे घेऊ नयेत.

कळ दाबण्याचा क्रम

कॅमेरा चालू केल्यावर मुख्य यादीत टिपणे, पाहणे आणि खेळणे असे तीन मार्ग दिसतात. टिपण्याच्या पडद्यावर दिशांच्या बटणाने उजळपणा आणि छटांमधील भेद, म्हणजे कॉन्ट्रास्ट, कमी-जास्त करता येतो. प्रकाश गोळा करण्याचा वेळ यंत्र स्वतः ठरवते, त्यामुळे चौकटीत उजळ आकाश आले की बाकी सगळे काळे होते. मी पुढील क्रमाने काम करतो.

प्रथम कॉन्ट्रास्ट मध्यावर ठेवून फक्त चौकट जुळवावी आणि नको ते बाहेर काढावे. विषयामागची विजेची तार, अर्धवट आलेली खुर्ची, कोपऱ्यातला उजळ तुकडा या गोष्टी येथे अक्षम्य आहेत, कारण काही ठिपक्यांची तारसुद्धा चेहऱ्याइतकीच ठळक उमटते. मग कॉन्ट्रास्ट एकेक पायरीने वाढवत न्यावा आणि मोठे भाग पूर्ण पांढरे किंवा पूर्ण काळे होतात तिथे थांबावे. त्यानंतर उजळपणा हलवून सर्वांत महत्त्वाची जागा, बहुधा डोळे, त्या दोन्ही करड्या छटांत आणून ठेवावी. शेवटी श्वास रोखून कळ दाबावी, आणि तेच चित्र उजळपणाची एक पायरी वर व एक पायरी खाली ठेवून पुन्हा घ्यावे. पडद्यावर तिन्ही सारखी वाटतात. संगणकावर मोठी केल्यावर त्यांतले एकच जिवंत असते, आणि ते बहुधा मधले नसते.

तीस चित्रांची मर्यादा जाचक वाटते, पण तिचा उपयोग करून घ्यावा. जुन्या फिल्मच्या रिळात छत्तीस चित्रे असत आणि माणसे त्यावर अख्खी सहल भागवत असत. एका विषयावर तीसच्या तीस चित्रे खर्च करावीत : एक जिना, एक हातगाडी, एक म्हातारी आजी. दहाव्या चित्रापर्यंत आपण ठरलेली चित्रे घेतो, विसाव्यानंतर पाहू लागतो.

यंत्रातल्या गमतींपैकी आरसा, चित्रांची जोडणी आणि ठरावीक अंतराने आपोआप टिपण्याची सोय या तीन खरोखर उपयोगी आहेत. शिक्के आणि मिश्या चिकटवण्याची सोय लहान मुलांना द्यावी. यादीतून पळण्याचा (‘रन’) पर्याय निवडल्यावर अचानक जो विद्रूप चेहरा समोर येतो, त्याबद्दल मात्र त्यांना आधी सांगून ठेवलेले बरे; रात्री एकट्याने मी तो पाहिला तेव्हा यंत्र हातातून सुटले होते.

भिंगापुढे भिंग

मोबाइलला चिमट्याने लावायची स्वस्त भिंगे या कॅमेऱ्याच्या गोळ्यापुढेही धरता येतात. रुंद दृश्याचे भिंग लावले की खोली मावते; जवळचे दाखवणारे भिंग लावले की कुलपाचे छिद्र, घड्याळाचे काटे आणि पानाच्या शिरा मिळतात. घरातले वाचनाचे साधे भिंगही चालते, फक्त ते कॅमेऱ्याच्या गोळ्याला अगदी टेकवून धरावे आणि फोकस साधण्यासाठी यंत्रच पुढे-मागे करावे.

संवेदक अतिशय लहान असल्यामुळे मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग त्याच्यापुढे बसवले तर दूरचे दृश्य प्रचंड जवळ येते. बास्टियान एकेलर या डिझायनरने २०१८ मध्ये कॅननचे दूरदर्शी भिंग याला जोडले, तेव्हा त्याचा पल्ला नेहमीच्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने सुमारे ३००० मिलिमीटर भिंगाइतका झाला. त्याआधी नेदरलँड्समधील लायडन येथे अलेक्झांडर पिट्रोव्ह या खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याने जुन्या वेधशाळेतील एकोणिसाव्या शतकातल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, हा कॅमेरा लावून चंद्र आणि गुरू टिपले होते, आणि गुरूजवळ त्याचे उपग्रहही ठिपक्यांसारखे उमटले होते. हौशी दुर्बिणीवरही चंद्र सहज मिळतो. पौर्णिमा टाळावी, अष्टमीच्या आसपास प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब असतात, आणि वर खिडकीच्या प्रकाशाबद्दल जे सांगितले ते चंद्राच्या चेहऱ्यालाही लागू पडते.

तीन गाळण्यांतून रंग

कृष्णधवल कॅमेऱ्याने रंगीत चित्र काढण्याची कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला प्रत्यक्ष दाखवली : एकाच वस्तूची लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन चित्रे घ्यायची आणि नंतर तीन रंगांत एकावर एक टाकायची. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी याच मार्गाने झारच्या साम्राज्याची शेकडो रंगीत चित्रे घेतली. आपल्या खेळण्यालाही ते जमते, आणि मला यात सर्वांत जास्त आनंद मिळतो.

गाळण्यांसाठी दिवाळीच्या आकाशकंदिलांना वापरतात तो पारदर्शक रंगीत जिलेटिन कागद सुरुवातीला पुरतो. लाल बरा असतो. हिरव्याचे दोन पदर घ्यावे लागतात. निळ्यातून बराच इतर प्रकाश गळतो, म्हणून तोही दुहेरी घ्यावा. पुढे हौस टिकली तर छायाचित्रणाच्या दुकानातील चांगल्या गाळण्या घ्याव्यात. गेम बॉय ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर असा घट्ट बसवावा की बटण दाबताना तो हलणार नाही. यंत्रातला स्वयंचलित टायमर येथे कामास येतो. प्रकाश बदलत नसताना, म्हणजे ढग येत-जात नसताना, लाल, हिरवा, निळा या क्रमाने तीन चित्रे घ्यावीत. दृश्यात एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. तो तिन्ही चित्रांत जवळपास सारखाच उजळ आला पाहिजे, म्हणजे नंतर रंग एका बाजूला झुकत नाहीत. संगणकावर जिम्पमध्ये तिन्ही चित्रे उघडून ‘कंपोझ’ या आज्ञेने अनुक्रमे लाल, हिरव्या व निळ्या थरांत घालावीत. प्रत्येक थरात चार छटा असल्याने ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ रंग मिळतात.

एक अडचण सांगून ठेवतो. जिलेटिन कागद डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फारसा अडवत नाही, आणि सिलिकॉनचा संवेदक तो पाहू शकतो. त्यामुळे उन्हातली हिरवी पाने तिन्ही चित्रांत उजळ येऊन फिकट, दुधट रंगाची होतात. अवरक्त प्रकाश अडवणारी काच पुढे लावली की रंग सुधारतो. ती नसेल तर घरात एलईडी दिव्याच्या उजेडात काम करावे, कारण त्या दिव्यांतून अवरक्त प्रकाश फारच थोडा येतो. विषय स्थिर हवा : फळांची टोपली, पितळेची भांडी, रंगवलेले दार. काही हलले तर त्याच्या भोवती लाल-हिरव्या-निळ्या कडा सुटतात. वाहते पाणी मुद्दाम घेऊन पाहावे. त्यात ही चूकच चित्र होते.

असाच एक प्रकार कृष्णधवलातही करता येतो. स्थिर दृश्याची उजळपणाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर पाच चित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली, तर प्रत्येक ठिपक्याला चारऐवजी सोळा छटा मिळू शकतात आणि जाळी बरीचशी मावळते. मला ते चित्र जरा गुळगुळीत वाटते, पण ढगांसाठी ते वापरावे.

ठिपके कमी पडतात असे वाटणाऱ्यांनी तुकड्यांचे चित्र करावे. यंत्र किंचित सरकवत पाच स्तंभ आणि सहा ओळी अशी तीस चित्रे घेतली की स्मृती बरोबर भरते आणि शेजारी शेजारी मांडल्यावर ६४० गुणिले ६७२ ठिपक्यांचे मोठे चित्र होते. सांधे जुळवण्याचा हट्ट करू नये. माणसाचे असे चित्र घेताना तो दहा मिनिटांत हलतो, हसतो, दुसरीकडे पाहतो, आणि ते सगळे त्या तुकड्यांत राहते.

चित्रे बाहेर काढणे

गेम बॉयच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्या काळी यासाठी गेम बॉय प्रिंटर होता, जो ३८ मिलिमीटर रुंदीच्या, उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर चित्र छापत असे. दुकानातल्या पावतीप्रमाणे ते छाप हळूहळू उडतात, म्हणून जुने छाप हाती आले तर आधी स्कॅन करून ठेवावेत. आज यूएसबीने संगणकाला जोडायची कार्ट्रिज वाचक यंत्रे मिळतात. ‘जीबीएक्सकार्ट’ आणि ‘जीबी ऑपरेटर’ ही त्यांतली दोन प्रचलित नावे. ज्यांना तारा जोडण्याची हौस आहे ते आर्डुइनो नावाचा, हवा तसा प्रोग्राम भरता येणारा लहानसा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेम बॉयच्या केबलला लावून त्याला प्रिंटर असल्याचे सोंग घ्यायला लावतात आणि ‘छपाई’ थेट संगणकात उतरवतात. कोणताही मार्ग घ्यावा, पण दर तीस चित्रांनंतर घ्यावा. बॅटरीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

उतरवलेली चित्रे पीएनजी स्वरूपात ठेवावीत. जेपीजी स्वरूप आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करून दाबते आणि त्यात डिदरिंगची जाळी चुरगळते. मोठे करताना पूर्ण पटीतच मोठे करावे, म्हणजे दहापट केले तर १२८० गुणिले ११२०. साडेसातपट केले की काही ठिपके सात आणि काही आठ ठिपक्यांचे होऊन चित्रावर पट्टे पडतात. मोठे करताना मधले रंग भरण्याची सोय बंद ठेवावी. जिम्पमध्ये त्यासाठी ‘इंटरपोलेशन’ समोर ‘नन’ निवडावे. एवढे करून मगच चित्र समाजमाध्यमांवर टाकावे, म्हणजे त्यांच्या दाबणीत ठिपक्यांच्या कडा टिकतात. या कॅमेऱ्याचे चित्र कुठवर जाऊ शकते हे पाहायचे असेल तर नील यंग यांच्या २००० साली आलेल्या ‘सिल्व्हर अँड गोल्ड’ या अल्बमचे मुखपृष्ठ पाहावे. ते त्यांच्या मुलीने गेम बॉय कॅमेऱ्याने काढलेले आहे.

छापताना ठिपक्याचे माप आधी ठरवावे. एक ठिपका एक मिलिमीटरचा धरला तर चित्र १२.८ गुणिले ११.२ सेंटिमीटरचे होते आणि हातात धरून पाहायला ते बरोबर असते. दोन मिलिमीटरचा धरला तर साधारण २६ गुणिले २२ सेंटिमीटरचे चित्र भिंतीवर लागते आणि खोलीच्या पलीकडून पाहताना चेहरा एकदम जुळून येतो. चकचकीत कागद टाळावा.

माझ्या आईने मात्र यापेक्षा चांगला उपयोग शोधला. तिने खिडकीजवळच्या आजीचे एक चित्र पाहिले आणि म्हणाली, हे तर दोसुतीवरच्या भरतकामाचा नमुना आहे. एका इंचात चौदा टाके बसतील असे कापड घेतले तर १२८ टाक्यांची रुंदी सव्वानऊ इंचांच्या आत येते आणि उंची बरोबर आठ इंच होते. संगणकावर चित्रावर चौकटी आखून, दर दहा चौकटींनंतर जाड रेघ देऊन त्याची छापील प्रत काढावी. दोरे तीनच लागतात : काळा, गडद करडा आणि फिकट करडा. पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी टाका घालायचा नाही, तेथे कापड तसेच मोकळे सोडायचे. आणि सुरुवात कोपऱ्यातून न करता मधोमध, म्हणजे ६४ व्या आणि ५६ व्या घरापासून करायची, नाहीतर एका बाजूला कापड कमी पडते.